होक्किएन गाण्याचा रडवा सूर कुणी ठरवला?

तैवानमधले होक्किएन भाषेतले गाणे म्हटले, की बंदर, दारू, ताटातूट आणि गाव सोडून शहरात आलेला मजूर, एवढेच लोकांना आठवते. तरुणांचे, कॉलेजचे, नव्या ढंगाचे गाणे मँडरिनचे, अशी वाटणी तिथे कित्येक वर्षे गृहीत धरली गेली. ही वाटणी भाषेच्या स्वभावातून आली, असे मानणे मला साफ चुकीचे वाटते. ती सरकारने घडवली. चीनच्या फुज्यान प्रांतातल्या च्वानझोऊची नानयिन ही संगीतपरंपरा याच भाषेत गाते: आडवी धरलेली पिपा ही वीणा, उभी बासरी आणि एकेक अक्षर खुलवत नेणारी संथ गायकी. २००९ साली युनेस्कोने तिला वारसा यादीत घेतले. इतके शालीन संगीत पेलणाऱ्या भाषेला गावंढळ कसे ठरवायचे? तैवानमध्येच १९३३ साली तंग यू-श्येन यांनी चाल दिलेले ‘बांग छुन-होंग’ आले. त्यात लाजऱ्या तरुणीच्या मनातली ओढ आहे, दारूचा प्याला नाही. पुढे १९४९ ते १९८७ लष्करी कायदा राहिला, शाळेत होक्किएन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली, आणि प्रक्षेपणातला होक्किएनसारख्या बोलीभाषांचा वाटा वर्षागणिक घटवावा, असे १९७६ च्या कायद्यातच लिहिले गेले.

यावर कुणी म्हणेल, तो करुण सूर एन्का या जपानी भावगीतांचा आहे. त्यात तथ्य आहे. १९५० नंतर कितीतरी जपानी चालींवर होक्किएन शब्द बसवले गेले. पण प्रभाव एवढेच कारण असते, तर लष्करी कायदा उठताच चित्र इतक्या झपाट्याने बदलले नसते. १९८९ मध्ये ‘ब्लॅकलिस्ट स्टुडिओ’ने रॉक आणि रॅपमधून राजकारणावर बोलणारा होक्किएन अल्बम काढला, तर १९९० मध्ये गायक लिन च्यांगच्या रॉक गाण्यातला तरुण उमेदीने तैपेईला निघाला. भाषेत हे सगळे आधीपासून मावत होते. वाव तेवढा नव्हता. मँडरिनने तैवानी गायकांना आशियाभर श्रोते दिले, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. तैवानी गायिका तेरेसा तेंग यांची कीर्ती त्याशिवाय एवढी पसरली नसती. मात्र त्या होक्किएनमध्येही गायल्या. सामाईक भाषेला बळ देण्यासाठी दुसरीचा आवाज दाबावा लागतो, हे त्यातून कुठे सिद्ध होते? सिंगापूरनेही १९७९ च्या मँडरिन मोहिमेनंतर होक्किएनला रेडिओ-टीव्हीवरून हटवले. ती सातव्या चांद्रमहिन्यातल्या ‘गेताई’ या गाण्यांच्या जाहीर कार्यक्रमांच्या मंचांवर तगली, म्हणून नुकसान झाले नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या मंचांसमोर तरुण किती बसतात, तेही पाहावे.