गाडीची हुडहुडी

गणपतीला कोकणात जाऊन आल्यापासून आमच्या गाडीला हुडहुडी भरली होती. ताशी साठपर्यंत ती शहाण्यासारखी वागे. ऐंशीला मात्र स्टिअरिंग असे थरथरे की, आम्हीच घाबरलो आहोत असा कुटुंबाचा समज व्हावा. शंभराजवळ पुन्हा सारे शांत! नेहमीच्या गॅरेजात दोनदा अलाइनमेंट झाली. पैसे गेले, थरथर राहिली.

अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली की गाडी एका अंगाला ओढते, टायर एकाच कडेने झिजतात. थरथरीचे मूळ बहुधा चाकाच्या तोलात असते. रिमच्या कडेशी अवघ्या २० ग्रॅमचा फरक असला, तरी ८० किलोमीटरच्या वेगाला तो चाकाला सुमारे २ किलोचा हिसका देतो, आणि तोही सेकंदाला बारा वेळा!

खरे निदान केले ते सौभाग्यवतींनी. "अहो, माझ्या मांडीवरचा डबा मुळीच हलत नाही. तुमचे स्टिअरिंग तेवढे हलते." पुढच्या चाकांचा दोष हातांना कळतो, मागच्यांचा बहुधा बैठकीला. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर झाली असती, तर आधी ब्रेकच्या डिस्क पाहाव्या लागल्या असत्या.

एवढा तपशील ऐकून नाक्यावरचा म्हातारा टायरवाला खूश झाला. पुढची चाके उतरवली, तो एका रिमच्या आत कोकणची तांबडी माती वाळून बसलेली! ती खरवडून त्याने चाक यंत्रावर फिरवले, वजने ठोकली. आम्ही पाकीट काढले.

"साहेब, थांबा. इथं हात लावा."

टायरच्या आतल्या अंगाला, बाहेरून अजिबात न दिसणारा, लिंबाएवढा फुगवटा होता. कुठल्याशा खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले होते. असा टायर दुरुस्त होत नाही. धावता धावता फुटतो. आणि आम्ही दिवाळीला मागच्या बाकावर आई नि दोन मुले बसवून एक्स्प्रेसवेने पुण्याला निघणार होतो! दोनदा अलाइनमेंट करणाऱ्यांनी तिथे एकदाही बोट फिरवले नव्हते.

पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. सौ.ची पैठणी पाडव्यावरून पुढच्या पाडव्यावर गेली.

पनवेल सोडल्यावर काटा ऐंशीवर आला, तशी आम्ही स्टिअरिंगवरची मूठ जरा सैल केली.

"डबा हलतो का गं?"

"डबा? तो मुलांनी केव्हाच रिकामा केला!"