चालता संगणक भंगारात घालू नका!

उमरठ पंचक्रोशीतील ग्रामस्थ, शिक्षक आणि मुंबईकर चाकरमानी मंडळींनो,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, जुन्या यंत्रांना ती अधिकृतपणे मिळत नाही. म्हणून शाळेतला, घरातला धडधाकट संगणक मोडीत काढायचा? की चोरीची विंडोज टाकून घ्यायची आणि पोरांना पहिला धडा चोरीचाच द्यायचा? आम्हाला दोन्ही मान्य नाही.

विंडोजऐवजी लिनक्स वापरा. उबुंटू, लिनक्स मिंट, आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस, या सगळ्या प्रणाली फुकट आहेत. त्यांची प्रत काढून शेजाऱ्याला देण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत. तिथल्या मुलांना जमते ते पोलादपूरच्या मुलांना का जमणार नाही?

पूर्वी उबुंटूची सीडी पोस्टाने फुकट घरपोच येई. २०११ मध्ये ती सोय बंद झाली. आता फाइल उतरवून घ्यावी लागते. मिंटची सुमारे तीन जीबीची असते. डोंगरातल्या रेंजवर तिच्यासाठी रात्र घालवू नका. गणपतीला, शिमग्याला गावी येणाऱ्याने ती मुंबईहून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणावी. नुसती कॉपी चालत नाही. रूफस किंवा एचर या फुकट प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते.

मग संगणक सुरू होताना एफ१२ (काही यंत्रांत एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडा. प्रणाली तिथूनच चालते. 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर विंडोज जागच्या जागी राहते. मराठी टंकलेखन करा, लिबरऑफिसमध्ये पत्र लिहा, प्रिंटर आणि वायफाय तपासा. पटले तरच, महत्त्वाच्या फाइल बाजूला काढून, कायमची बसवा. ग्रामपंचायतीत डिजिटल सहीसाठी वापरला जाणारा संगणक तूर्त तसाच राहू द्या; सुरुवात शाळेपासून करू.

शाळा व्यवस्थापन समितीने हा विषय ग्रामसभेत आणावा. नव्या संगणकाच्या खरेदीचा ठराव आला, तर जुना लिनक्सवर चालवून पाहिला का, हे प्रत्येकाने उभे राहून विचारावे आणि उत्तराची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावावी.