‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका

आपल्या वस्त्यांमध्ये मनाच्या सगळ्या दुखण्यांना एकच शब्द आहे : टेन्शन. पगार थकला तरी टेन्शन, मुलगी दहावीला बसली तरी टेन्शन आणि काही कारण नसताना मध्यरात्री छाती धडधडू लागली तरी टेन्शनच. शब्द एकच असला की उपायही एकच होतो. कुणी म्हणतं, “मन घट्ट कर.” कुणी दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणतं. कुणी मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देतं.

आधी रुग्णालयात परिचारिका म्हणून आणि नंतर वस्तीत आरोग्याचं काम करताना आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आमचं मत स्पष्ट आहे : या एका शब्दाने आपल्या माणसांचं दुहेरी नुकसान केलं आहे. ज्याचं ओझं उतरवायला हवं त्याला आपण गोळी देतो आणि ज्याला उपचार हवेत त्याला उपदेश देतो. म्हणून ताण आणि चिंताविकार यांतला फरक प्रत्येक घरात कळला पाहिजे.

ताणाचं कारण बोटाने दाखवता येतं

ठेक्यावर काम करणारा एखादा सफाई कामगार भाऊ घ्या. दोन महिने पगार नाही. दुकानदार उधारी देईना, मुलाची फी बाकी आहे. त्याचं डोकं दुखतं, मान आखडते, पित्त उसळतं, घरात चिडचिड होते, रात्री झोप येत नाही. त्याला विचारलं, “काय होतंय?” तर तो चटकन सांगतो, “पगार झाला नाही.” पगार झाला की तो दोन दिवसांत शांत झोपतो.

हा ताण. त्याचं कारण बाहेर आहे आणि ते बोटाने दाखवता येतं. संकटापुढे शरीर सावध होतं, काळीज जोरात चालतं, स्नायू ताठरतात. हे शरीराचं नेहमीचं काम आहे, आजार नव्हे. मात्र तो महिनोन्महिने चालला तर झोप, रक्तदाब, साखर, सगळं बिघडू लागतं.

चिंता कारण गेलं तरी जात नाही

आता एक ताई घ्या. कर्ज फिटलं, मुलगी नोकरीला लागली, घरात सगळं ठीक. तरी पहाटे तीनला जाग येते. गॅस बंद आहे का, म्हणून ती चार वेळा उठून पाहते. मुलगा दहा मिनिटं उशिरा आला की त्याचा अपघात झाला असेल असंच मनात येतं. हातांना कंप, पोटात गोळा, कामात लक्ष नाही. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा चांगला आला. घरी सगळे म्हणतात, “तुला काही झालेलं नाही, उगाच विचार करतेस.”

पण तिला काहीतरी झालेलं आहे. काळजी सगळेच करतात. मात्र ती आवरता येत नसेल, बहुतेक दिवस मनात घोळत असेल, सहा महिन्यांपासून चालली असेल आणि घरकाम, नोकरी, अभ्यास यांत अडथळा आणत असेल, तर डॉक्टर त्याला चिंताविकार म्हणतात. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो आणि उपचारांनी आटोक्यात येतो. त्याचा धीटपणाशी किंवा भित्रेपणाशी काही संबंध नाही.

फरक ओळखण्यासाठी स्वतःला एक साधा प्रश्न विचारा : “हे कारण उद्या सकाळी दूर झालं, तर मला बरं वाटेल का?” उत्तर ‘हो’ असेल तर तो बहुधा ताण. एक कारण गेल्यावर मन लगेच दुसरं शोधत असेल तर चिंतेकडे पाहायला हवं. दोन्ही एकत्रही असू शकतात. फार काळ चाललेल्या ताणातून चिंताविकार उभा राहू शकतो.

इथे एक इशारा. वसतिगृहात आडनावावरून टोमणे खाणारा आपला विद्यार्थी वर्गात जायला घाबरतो, तेव्हा त्याची भीती खोटी नसते. त्याला समुपदेशनाचा आधार जरूर द्या, पण तक्रारही लेखी नोंदवा. अपमान करणारे मोकळे आणि ‘मन कमकुवत’ असल्याचा शिक्का मात्र आपल्या मुलावर, हे आम्हाला मान्य नाही.

ताणावर उपाय : ओझं उतरवा

ताणावर दीर्घ श्वास घ्यायला सांगणारे पुष्कळ भेटतात. श्वासाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण थकलेला पगार श्वासाने येत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ चा फॅक्टरी दुरुस्ती कायदा झाला आणि कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगाराच्या ताणावर याहून मोठं औषध कोणतं?

म्हणून आधी कागद घ्या आणि ताणाची कारणं लिहून काढा. कोणतं कारण आपल्या हातात आहे, कोणतं घरच्यांनी वाटून घ्यायचं आणि कोणतं चारजणांनी मिळून सोडवायचं, असे तीन भाग करा. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, असं कायदा सांगतो. तेव्हा एकट्याने कुढू नका, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या. घरातही हेच. सकाळी चार घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी स्वतःच्या घरचं सगळं, अशा बाईला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा भाकऱ्या कोण करणार ते ठरवा.

शरीरालाही हात द्या. झोपण्या-उठण्याची वेळ ठरवा, रोज अर्धा तास चाला, संध्याकाळनंतर चहा टाळा. तंबाखू, मिश्री आणि दारूने घटकाभर बरं वाटतं. नशा उतरली की धडधड आणि बेचैनी वाढलेलीच असते.

चिंतेवर उपाय : उपचार घ्या

धडधड, घाम, वजन उतरणं अशा तक्रारी असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी असंच होतं. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतं.

काहींना एकाएकी घबराटीचा झटका येतो. श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मरणारच असं वाटतं. हा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि साधारण अर्ध्या तासात ओसरतो. अशा वेळी बसवा, गर्दी हटवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगा. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ती घबराट आहे असं घरीच ठरवू नका, लगेच रुग्णालय गाठा.

चिंताविकारावर समुपदेशन आणि औषधं असे दोन मार्ग आहेत आणि गरजेप्रमाणे दोन्ही एकत्र वापरतात. समुपदेशनात मनातले भीतीचे विचार तपासायला शिकवतात आणि ज्या गोष्टी आपण टाळतो त्यांना हळूहळू सामोरं जायला लावतात. एकदा घाबरायला झालं म्हणून बस सोडली, मग बाजार सोडला, मग लग्नाला जाणं सोडलं, असं टाळत गेलं की भीती वाढते. नेहमी दिली जाणारी औषधं झोपेच्या गोळ्या नव्हेत; त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करू नका. याउलट अल्प्राझोलमसारख्या गोळ्या थोड्या दिवसांसाठीच असतात, त्यांची सवय लागते. त्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका; बऱ्याच दिवसांपासून चालू असतील तर एकदम थांबवूही नका.

आपल्यापैकी पुष्कळजण विपश्यना सुचवतील. रोज थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देण्याने अनेकांना शांत वाटतं. पण आजार तीव्र असताना दहा दिवसांच्या शिबिराला बसण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि शिबिरात आपला आजार आणि औषधं लपवू नका.

लाज कुणाची?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हक्क मागायला आपण लाजत नाही, मग हाच हक्क मागताना मान खाली का?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते, ते विचारून घ्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं कुणी एकदा जरी बोललं तरी ते हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका, फोन तुम्ही लावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात सोबत जा.

आमची प्रत्येक विहाराला एक विनंती आहे. फलकावर कार्यक्रमांच्या यादीशेजारी हा क्रमांक आणि ओपीडीचा वार खडूने लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी “टेन्शन आहे” म्हणालं, तर “घेऊ नको” असं म्हणून मोकळे होऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, “कशाचं? कधीपासून?”