पाहुणचार नव्हे, पळवापळवी

कादंबरीकार शार्लट ब्राँटीच्या चरित्रांत १८३९ सालचं एक प्रकरण फार गोडीनं सांगितलं जातं. २३ वर्षांची शार्लट मैत्रीण एलन नसीबरोबर यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, ब्रिडलिंग्टनला, समुद्र बघायला निघाली. तिथे हडसन नावाच्या प्रेमळ दांपत्यानं दोघींना महिनाभर घरी ठेवून घेतलं. पाहुण्या खूश, यजमान खूश, चरित्रकार तर त्याहून खूश. मला मात्र हे वाचताना दरवेळी संताप येतो. त्या प्रेमळ दांपत्यानं दोन मुलींची हक्काची सुट्टी पळवली आणि आपण पावणेदोनशे वर्षं त्याला आतिथ्य म्हणतो आहोत.

आधी हे बघा, की ही सुट्टी मिळवायला काय काय करावं लागलं. शार्लटनं तोवर समुद्र पाहिलेलाच नव्हता. एलननं बेत मांडला आणि हॉवर्थला शार्लटच्या पाद्री वडिलांच्या घरात उन्हाळाभर घोळ सुरू झाला. वडील आधी हो म्हणाले, मग त्यांना शंका आल्या. मावशीलाही शंका आल्या. मग सगळ्यांनी मिळून लिव्हरपूलला जायची टूम निघाली, आणि तीही हवेत विरली. त्यात गावात भाड्यानं मिळणारी घोडागाडी एकच, आणि ती नेमकी हॅरोगेटला गेलेली. मुलीनं काही अंतर चालत जायचं म्हटलं तर वडिलांना ते पसंत नाही. शेवटी एलननंच गाडी मिळवली, न कळवता दारात येऊन उभी राहिली आणि मैत्रिणीला घेऊन निघाली. शंकेखोरांची बोलती बंद झालेली पाहून भाऊ ब्रॅनवेल जाम खूश झाला. त्या घरात त्या दिवशी शहाणा असा तोच एक निघाला!

आणि ही शार्लट कोण? त्याच वर्षी परक्या घरी गव्हर्नेसची नोकरी करून आलेली. त्याच वर्षी दोन पाद्र्यांच्या मागण्या नाकारलेली. पहिली, मार्चमधली, खुद्द एलनच्या भावाची, हेन्री नसीची. दुसरी ऑगस्टमधली, एकदाच भेटलेल्या एका आयरिश तरुणाची. सहा महिन्यांत दोन धर्मोपदेशकांना ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला समुद्राकाठी खोली घेऊन राहता येणार नाही, असं कोणी ठरवलं?

ठरवलं त्या हेन्रीनंच. तो पूर्वी ब्रिडलिंग्टनजवळच्या बर्टन ॲग्नेसला उपपाद्री होता, हडसन कुटुंबाशी त्याचा घरोबा होता. त्यानं त्यांना कळवून टाकलं, की दोघी येताहेत. हेतू चांगलाच असेल, मी शंका घेत नाही. पण विचारलं कोणाला? दोघी लीड्सहून सेल्बीपर्यंत आगगाडीनं आल्या, शार्लटचा तो आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. पुढच्या टप्प्यावर टपालगाडीत जागा नव्हती म्हणून उघड्या घोडागाडीतून आल्या. यजमान वाट पाहून परतले होते, पण हुकूम सोडून गेले होते. ब्रिडलिंग्टनच्या खोलीची स्वप्नं बघत निघालेल्या दोघी पत्ता बदललेल्या पार्सलासारख्या हडसनांच्या ईस्टनच्या शेतघरी जाऊन पोहोचल्या. समुद्रापासून दोन-तीन मैल आत!

समुद्रासाठी जिवाचं रान करून आलेल्या माणसाला समुद्र दिसणार नाही अशा घरात उतरवायचं आणि वर त्याच्या ताटात वाढत राहायचं, याला मी माया म्हणणार नाही. ही मालकी आहे. पाहुण्याला काय हवं हे न विचारता जो देत सुटतो, त्याला पाहुणा नको असतो, आपला मोठेपणा मिरवायला एक निमित्त हवं असतं. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. गुहागरला जाऊन लॉजवर उतरायची भाषा करून बघा, “आम्ही काय मेलोय का?” हा सवाल तोंडावर आलाच म्हणून समजा.

दोघी तरीही गप्प बसल्या नाहीत. एक दिवस सोडून दुसऱ्या दिवशी पायी निघाल्या. दोन-तीन मैल चालून किनाऱ्यावर आल्या आणि समुद्र दिसताच शार्लटला शब्द फुटेना. डोळ्यांत पाणी. तिनं एलनला खुणेनं दूर जायला सांगितलं. एलन थोडी पुढे गेली, मागे वळली, तर शार्लट थरथरत होती, डोळे सुजून लाल झाले होते. उरलेला दिवसभर ती गप्प आणि थकलेली होती. हे सगळं एलननंच पुढे लिहून ठेवलं आहे. मला या प्रसंगात एलन फार मोठी वाटते. जिवलग मैत्रीण, पण हात हलताच बाजूला झाली. माणसाला कधी एकटं सोडायचं हे तिला कळलं, आणि हेच ईस्टनच्या यजमानांना महिनाभर कळलं नाही.

“अहो, काळच तसा होता,” असं आता कोणीतरी म्हणेल. अविवाहित मुली, परकं गाव, लोक काय म्हणतील! साफ खोटं. महिन्यानंतर त्याच दोन मुलींना त्याच ब्रिडलिंग्टनमध्ये, गॅरिसन स्ट्रीटवर ॲन बूथ यांच्याकडे, शेवटचा एक आठवडा राहू दिलंच ना? आभाळ कोसळलं का? उन्हाळ्यात येणाऱ्यांना खोल्या भाड्यानं देणं हा तिथला राजरोस धंदा होता. काळ आड आला नव्हता, कुटुंबाचे स्नेही आड आले होते.

आणि त्या एका आठवड्यात बघा काय काय घडलं. संध्याकाळी धक्क्यावर फेरफटका मारायला गेल्या, तर तिथे ही गर्दी, सगळे रांगेनं चालताहेत, थांबायची सोय नाही. दोघींना हसू आवरेना. त्या सरळ परतल्या आणि नंतर चांदण्यात कड्यावर फिरायला गेल्या. खोलीसमोरच्या प्रार्थनाघरात कर्कश आरडाओरड्यानं भजन चाले. शार्लटला आत जाऊन बघायची फार उत्सुकता होती, पण लोकांच्या भक्तीची गंमत बघणं बरं नव्हे म्हणून तिनं पाय मागे घेतला. हसायचं कशाला, थांबायचं कुठे, सगळं तिचं तिनं ठरवलं. आठवड्याचं बिल आलं तेव्हा खर्चाचा आकडा बघून दोघी हबकल्या. हबकेनात! स्वतःच्या पैशानं स्वतःची खोली घेतल्यावर येणारं बिल होतं ते.

शार्लट कृतघ्न नव्हती. हडसन पतिपत्नीसाठी तिनं त्यांच्या घराचं जलरंगातलं चित्र काढलं. १८४९ साली, धाकट्या बहिणीला, ॲनला, स्कारबरोला पुरून झाल्यावर, ती एलनबरोबर पुन्हा ईस्टनला जाऊन राहिली. चरित्रकार हा पुरावा हटकून पुढे करतात. करोत. दुःखात होरपळलेली बाई स्वतःहून ओळखीचं दार ठोठावते आणि दहा वर्षांपूर्वी न विचारता तिची गाडी तिकडे वळवली जाते, यांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांनी चरित्रं लिहू नयेत.

परत घरी गेल्यावर, ऑक्टोबर १८३९ मध्ये, शार्लटनं एलनला पत्र लिहिलं. त्यात हडसनांची आठवण आहे, आपुलकीची आहे, ईस्टनच्या रानातल्या फेऱ्यांचीही आहे. पण त्याच्याआधी ती एलनला विचारते, की तू समुद्र विसरलीस का, त्याचे रंग अजून डोळ्यांपुढे येतात का, वारा असताना आणि नसताना होणारा त्याचा आवाज अजून ऐकू येतो का. आधी समुद्र, मग यजमान. क्रम तिनंच लावून दिला आहे, चरित्रकारांनी तो उलटा करू नये.