पॉलिश म्हणजे रिस्टोरेशन नव्हे

मंडळी, शिरूर-दौंडकडच्या माळ्यावरून भंगाराच्या भावात उचललेला व्हॉल्व्हचा रेडिओ पुण्यात 'फुल्ली रिस्टोअर्ड' म्हणून दाखवला, तर आधी मागचा पुठ्ठा काढायला लावा. आत जुनेच कागदी कपॅसिटर? मग कसलं रिस्टोरेशन डोंबलाचं! कपलिंगचा कपॅसिटर लीक झाला की ईएल८४ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, प्लेट लालबुंद होते, शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. कपॅसिटर काही रुपयांचा. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करणारा शोधत बसा. एसी-डीसी सेटमध्ये तर प्लग उलटा बसला की चॅसिस थेट फेजवर! (घरात पोरं असतात हो.) आणि विकणारे 'वॉर्म साउंड'च्या गप्पा मारतात. लाकूड चकाकवणं ही सुतारकी झाली. बदललेल्या पार्टची यादी मागा; नसेल तर बंद सेटचाच भाव द्या.