रुळांकाठची घरं: विकतची की हातची?

मॉडेल रेल्वे करणारा माणूस इंजिन विकत आणतो, डबे विकत आणतो, रूळही विकतच आणतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. मोटर, चाकं, सांधे यांतली अचूकता घरच्या टेबलावर साधणं फार थोड्यांना जमतं. प्रश्न उभा राहतो तो रुळांच्या कडेला. स्टेशन, स्टेशनमास्तरचं क्वार्टर, फाटकवाल्याची खोली, मागची वस्ती, शाळा, देऊळ ही सगळी घरं किटच्या खोक्यातून काढून चिकटवायची, की कोऱ्या पुठ्ठ्यावर रेघा मारून एकेक भिंत कापायची? आपल्याकडे हा प्रश्न इंग्लंड-जर्मनीतल्यापेक्षा जास्त टोचतो. त्यांची घरं निदान किटमध्ये मिळतात. आपली सहसा मिळत नाहीत.

किटची बाजू आधी मांडतो, कारण हाताने घरं बांधणारे ती बऱ्याचदा नीट ऐकूनच घेत नाहीत. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख गावात १९४६ साली सुरू झालेली फालर, पुठ्ठ्याची किटं काढणारी इंग्लंडची मेटकाफ, अमेरिकेतली वॉल्थर्स अशा कंपन्यांनी जगभरच्या लेआउटांना घरं पुरवली आहेत. त्यांच्या साच्यातून निघालेली खिडकीची चौकट जितकी बारीक आणि सरळ असते, तितकी कटरने कापून काढायला हात बराच बसावा लागतो. नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला चार तास मिळणाऱ्या माणसाने त्यातला किती वेळ एका खिडकीला द्यायचा? शिवाय लेआउट पुरा होणं ही काही लहान गोष्ट नाही. पुण्यातलं जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथं आलेलं मूल गाडी, दिवे, सिग्नल, रस्ते हे सगळं एकत्र पाहतं आणि हरखतं. कुठल्या घराची खिडकी किती काटेकोर आहे, हे ते मोजत बसत नाही. उघड्या प्लायवूडवर एकच अप्रतिम क्वार्टर आणि बाकी सगळं ‘पुढे करू’ म्हणून राहिलेलं, अशी मांडणी त्याला काय देणार? छंद सुरू करणाऱ्याला तर एक पूर्ण झालेलं घर हातात असण्याचा आनंद मिळायलाच हवा, आणि किट तो एका रविवारात देतं.

खर्चाचा मुद्दा मात्र किटच्या बाजूने जात नाही. परदेशी किट मागवलं की टपाल आणि सीमाशुल्क धरून एका घराची किंमत डोळ्यांवर येते. माउंटबोर्ड, ड्रॉइंग पेपर, फेविकॉल, स्टीलची पट्टी, कटर आणि पोस्टर कलर हे कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पण पुठ्ठा स्वस्त म्हणून हातचं घर स्वस्त, हेही खरं नव्हे. त्यात जाणारे तास मोजले, तर ते घर सगळ्यांत महाग पडतं. म्हणून हा निवाडा पैशांवर करू नये.

निवाडा करायचा तर तो जागेवर. लेआउटपुढे उभा राहिलेला माणूस हे गाव कुठलं, हे कशावरून ओळखतो? इंजिनावरून नव्हे, तेच इंजिन इगतपुरीला दिसतं आणि इटारसीलाही. रुळांवरूनही नव्हे. तो ओळखतो छपरांवरून, भिंतीच्या दगडावरून, जोत्याच्या उंचीवरून आणि पडवी कुठे आहे त्यावरून. जांभ्याचे चिरे दिसले की कोकण, काळ्या दगडाची घडीव भिंत दिसली की देश. किटमधलं घर या ओळखीलाच नडतं. ब्लॅक फॉरेस्टमध्येही मोठ्या छपराची, खाली उतरलेल्या वळचणीची घरं आहेत, त्यामुळे लांबून पाहताना क्षणभर साम्य वाटतं. पण त्या छपराचा उतार बर्फासाठी, भिंती लाकडी, खिडक्यांना गज नाहीत, अंगण नाही, वृंदावन नाही. असं घर कोकणातल्या स्टेशनामागे ठेवलं की स्टेशनावरच्या पाटीवर काहीही लिहा, गाव परकंच राहतं. हा दोष रंग बदलून जात नाही, कारण तो प्रमाणांत असतो.

हातचं घर म्हणजे नेमकं किती काम, हे एका छपरावरून कळेल. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो. मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस सेंटिमीटर रुंद असतं. पण एक कौल दुसऱ्यावर चढत असल्यामुळे उतारावर दिसतं ते सुमारे ३२ सेंटिमीटरच. मॉडेलवर ते पावणेचार मिलिमीटरांहूनही थोडं कमी भरतं. दहा मीटर लांबीचं साधं घर घेतलं आणि दोन्ही पाखी चार-चार मीटरची धरली, तर कौलं होतात बाराशेच्या वर. ती एकेक लावायची नसतात. कागदाच्या लांब पट्ट्या कापतात, मऊ पॅडवर ठेवून बोथट सुईने दर सव्वादोन मिलिमीटरला एक खाच दाबतात, आणि वळचणीपासून आढ्याकडे एकावर एक चढवत चिकटवतात. एका पाख्याला बारा-तेरा पट्ट्या पुरतात. कागद १२० जीएसएमच्या आसपासचा घ्यावा. खऱ्या कौलाची जाडी ८७ ने भागली की जवळजवळ तेवढीच येते, म्हणून प्रत्येक ओळीखाली पडणारी सावलीही खरी वाटते. गंमत खरी पुढे आहे. सगळं छप्पर एका लाल रंगात बुडवलं की ते खेळण्यातलं होतं. काही कौलं नारिंगी, काही काळपट, नव्याने बदललेली चार-दोन उजळ, आणि घराच्या ज्या बाजूला ऊन कमी त्या बाजूला हिरवट काळी झाक, हे ब्रशच्या टोकाने करायला दोन संध्याकाळी जातात. त्या दोन संध्याकाळींत ते छप्पर जुनं दिसायला लागतं, आणि तिथे कोणीतरी राहतं असं वाटायला लागतं. किटच्या साच्याला हे येत नाही.

या मार्गाने सगळ्यांत लांब कोण गेलं, हे पाहायचं तर इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयाकडे पाहावं. रॉय इंग्लंड हा रेल्वेवेडा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तिथं आला. ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला असलेल्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवती छपरांची जुनी घरं त्याच्या देखत बदलत होती, पाडली जात होती. त्याने ती टिपायला, मोजायला सुरुवात केली आणि फुटाला चार मिलिमीटर या मापाने पुठ्ठ्यात उभी केली. भिंतीवरच्या विटा कोरलेल्या आणि जलरंगांनी रंगवलेल्या. १९५४ साली लाँग विटनहॅम गावात संग्रहालय सुरू झालं, आणि स्वयंसेवकांच्या पिढ्या ते काम पुढे नेत राहिल्या. एकेका घराला महिने, काही घरांना वर्षं लागली. आज दोन महायुद्धांमधल्या काळातलं ते खोरं कसं होतं, हे पाहायला लोक तिथं जातात.

पेंडनचं उदाहरण मात्र जपून वापरलं पाहिजे. एक तर ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे. माणसं बदलली तरी काम चालू राहील अशी संस्था त्यामागे आहे. दुसरं म्हणजे नोंद म्हणून मॉडेलला किंमत येते ती मापांमुळे, सुबकपणामुळे नव्हे. आठवणीतून बांधलेलं आजोळचं घर देखणं होईल, पण त्यात अंदाज किती आणि मोजलेलं किती, हे बांधणाऱ्याने लिहून ठेवलं नाही, तर दहा वर्षांनी ते घर ठामपणे चुकीचं सांगत राहील. जो नोंदीचा दावा करतो, त्याने फोटो, मापांची वही आणि ‘इथे अंदाज केला आहे’ अशा खुणा मॉडेलसोबत ठेवल्याच पाहिजेत. आपल्याकडे ही निकड खोटी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने उभी केलेली, १८९७ पासून धावलेली बार्शी लाइट रेल्वे २००० नंतर पूर्णपणे ब्रॉडगेजमध्ये गेली. गेज बदललं की फलाटाची उंची बदलते, स्टेशनाचा तोंडवळा बदलतो. अडीच फुटी गेजच्या छोट्या स्टेशनाची मापं ज्याच्या वहीत आहेत, त्याने ती मॉडेल होवो न होवो, जपून ठेवावीत.

ज्याला एवढी शिस्त नको, त्याच्यासाठी जॉन एहर्नचा रस्ता आहे. त्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मॅडर व्हॅली नावाची काल्पनिक रेल्वे सुरू केली. गावं मनातली, पण बरीचशी घरं ठिकठिकाणच्या खऱ्या इमारतींवरून बांधलेली. लहान इमारती कशा बांधाव्यात यावर त्याने पुस्तकही लिहिलं, आणि त्याचा लेआउट आज पेंडनमध्येच आहे. नकाशावर नसलेलं गाव आणि त्यात खरी घरं, ही तडजोड मला सगळ्यांत निरोगी वाटते. तिच्यात कुठल्या गावाबद्दल खोटं बोलणं नाही, आणि घराबद्दलही नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो बिनतोड वाटतो. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. १:८७ मध्ये रुळांतलं अंतर १९ मिलिमीटरांच्या वर यायला हवं. बाजारातला एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी केलेला आहे. रूळच जर पावणेतीन मिलिमीटरांनी अरुंद, तर कौलाची पट्टी दशांश मिलिमीटरपर्यंत मोजण्यात काय अर्थ? काही जण यावर १:१०० हे माप सुचवतात. त्या मापात १६.५ मिलिमीटरचा रूळ ब्रॉडगेजच्या अगदी जवळ येतो, आणि १:१०० हे वास्तुरचनाकारांचं रोजचं माप असल्यामुळे झाडं, माणसंही मिळतात. पण मग १:८७ ची तयार इंजिनं आणि डबे मोठे दिसतात आणि तेही घरी बांधायची वेळ येते. माझ्या मते या आक्षेपाने घाबरून जायचं कारण नाही. ब्रिटिश मॉडेलांच्या ओओ या मापातही रूळ मापाला अरुंद आहेत आणि तिथल्या लोकांनी कित्येक दशकं त्याच रुळांकाठी नेमकी घरं बांधली. डोळा रुळांमधलं अंतर माफ करतो. दार आणि माणूस यांच्या उंचीतली तफावत तो माफ करत नाही. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचंच हवं.

लेझर कटिंग आणि थ्रीडी प्रिंटिंग आल्यापासून दोन्ही बाजूंच्या सीमारेषा पुसट झाल्या आहेत. खिडकीचे गज हाताने कापणं जवळपास अशक्य. लेझरने ते पातळ कार्डातून सहज निघतात. याला हातचं म्हणायचं का, यावर लोक तावातावाने बोलतात. मला वाटतं, घर पाहून, मोजून त्याचा आराखडा ज्याने काढला, घर त्याचं. मग भिंत कटरने कापली की यंत्राने, हे दुय्यम. धोका वेगळाच आहे. फाइल एकदा तयार झाली की तीच भिंत दहा घरांना लावण्याचा मोह होतो आणि वस्तीतली सगळी घरं एका दिवशी बांधल्यासारखी दिसतात. एका रांगेतल्या रेल्वे क्वार्टरांना ते शोभतं, गावाला शोभत नाही.

मग करावं काय? सगळंच हाताने बांधण्याचा आग्रह मी धरणार नाही. पुढच्या रांगेतली, पाहणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर येणारी तीन-चार घरं ज्याच्या त्याने मोजून बांधावीत: स्टेशन, एक क्वार्टर, एक राहतं घर. त्यांच्यावरून गाव ओळखू येतं. मागच्या रांगेत नुसते दर्शनी भाग पुरतात, आणि तिथे किटच्या भिंती कापून, चिमण्या काढून, नवं छप्पर घालून वापरायला काहीच हरकत नाही. पहिलं घर स्टेशनचं घेऊ नये. फाटकवाल्याची खोली घ्यावी. एक दार, एक-दोन खिडक्या, चार भिंती. आधी ती पांढऱ्या पुठ्ठ्यात कच्ची उभी करून लेआउटवर आठवडाभर ठेवावी. उंची चुकली असेल तर ती तेव्हाच कळते आणि पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर भागतं. क्लबमध्ये काम वाटून घेताना एकाने मापं, दुसऱ्याने भिंती, तिसऱ्याने रंग असं केलं तर वेग येतो. मात्र मापं घेणाऱ्याने रंग पूर्ण होईपर्यंत सोबत असावं, कारण घर प्रत्यक्ष पाहिलेलं असतं ते त्याने.

आणि मापं घ्यायची तर वेळ साधून घ्यावीत. कोकणात पावसाआधी शाकारणी होते. कौलं उतरतात, फुटकी बाजूला निघतात, कुजलेल्या रिपा बदलतात. एरवी कौलांखाली झाकलेले वासे, त्यांच्यातलं अंतर, आढ्यापासून वळचणीपर्यंतची लांबी, हे सगळं त्या दोन-चार दिवसांत टेप लावून मोजता येतं. घरमालकाला आधी विचारावं, छपरावरच्या गड्यांच्या कामात येऊ नये, जोत्याची उंची आणि दाराची मापं खालूनच उरकून घ्यावीत, आणि भिंतीला टेकवलेली एक फूटपट्टी प्रत्येक फोटोत येईल असं पाहावं. आराखडा पुरा झाला की त्याची एक प्रत त्या घरी नेऊन द्यावी. पुढे कधी कौलं काढून पत्रे घालायची वेळ आली, तर त्या घराकडेही आपल्या छपराचं माप असेल.