उंट हवा, मग उंटपाळ का नको?

दर २६ जानेवारीला कर्तव्यपथावरून सीमा सुरक्षा दलाचे उंटदल जाते. रंगीत झुली, ताठ बसलेले स्वार आणि उंटावर बसून वाजवला जाणारा बँड पाहून देश टाळ्या वाजवतो. पण तो उंट ज्यांनी वाढवला त्या राजस्थानच्या राईका-रेबाऱ्यांच्या घरात चूल कशी पेटते, हे विचारायला दिल्लीला सवड नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते. २०१९ मध्ये अडीच लाख उरले. सात वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक उंट गेले! ही नामुष्की नाही तर काय?

उंट घ्यावा आणि उंटवाल्याला वाऱ्यावर सोडावे, ही लष्करी रीत इंग्रजांची. १८३८-३९ मध्ये त्यांची फौज पहिल्या अफगाण युद्धासाठी सिंधमार्गे बोलन घाटाकडे निघाली तेव्हा बरोबर सुमारे ३०,००० उंट होते. एका ब्रिगेडियरच्या खासगी सामानालाच ६० उंट लागले! १८७८ ते १८८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धात ६०,००० हून अधिक उंट मेले. शत्रूच्या गोळीने मेले ते थोडे. उंटाला दिवसाउजेडी सहा-आठ तास चरायला लागतात. दिवसभर चालवून रात्री उपाशी बांधला की तो वशिंडातली चरबी जाळत चालतो, आणि एक दिवस बसतो तो पुन्हा उठत नाही. मैदानातले उंट बर्फात नेले, ओझ्यांनी त्यांच्या पाठी सोलून काढल्या, भुकेपोटी त्यांनी अनोळखी विषारी झुडपे खाल्ली. सारवानाला, म्हणजे उंट हाकणाऱ्याला, यातले सारे कळत होते. त्याला विचारतो कोण?

पुढे बिकानेरच्या उंटस्वारांचा गंगा रिसाला सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी सिनाईच्या वाळूत तुर्कांशी लढला. स्वातंत्र्यानंतर १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत थरच्या सीमेवर उंट उभा राहिला. गोरे साहेब गेले, पण उंटपाळाकडे पाहण्याची त्यांची नजर मात्र आम्ही जपून ठेवली, याचा संताप येतो.

राईका आपली सांडणी सहसा विकत नाही. कळप तिच्यावर चालतो. विकायचे ते नर. गाड्याला, शेताला, लष्कराला नर लागत, त्यावर घर चाले. ट्रॅक्टर आणि जीप आल्या, गिऱ्हाईक आटले. कालव्याचे पाणी आले, चराईची राने शेतीखाली गेली; कुंभलगडच्या जंगलाची वाट वनखात्याने अडवली. त्यावर २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू केले आणि २०१५ मध्ये कायदा करून परवानगीशिवाय तो राज्याबाहेर नेण्यास बंदी घातली. रक्षणाच्या नावाने उरलासुरला बाजारही बुडवला! सचिवालयात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना एवढेही कळले नाही, की नर विकला गेला नाही तर सांडणी पोसायची कशाच्या जिवावर?

महाराष्ट्रानेही हात झटकू नयेत. शिवरायांच्या अठरा कारखान्यांत उष्टरखाना वेगळा होता. उंटाची निगा हे राज्याचे काम होते. त्याच महाराष्ट्रात, २०२२ च्या जानेवारीत, अमरावती जिल्ह्यात कच्छच्या रबाऱ्यांचे ५८ उंट कत्तलीच्या संशयावरून ताब्यात घेतले गेले. पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात कळप घेऊन येणाऱ्या माणसांना आपलेच उंट परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. फिरणारा माणूस दिसला की चोर ठरवायचा, ही आमची खोड अजून जात नाही.

आता यंत्रांचे दिवस आहेत, उंट कशाला, असे काही शहाणे म्हणतील. त्यांनी जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि कच्छच्या रणात जाऊन पाहावे. तिथे आजही जवान उंटावरून गस्त घालतो. सांडणी चार-पाच वर्षांची झाल्यावर गाभण राहते, तेरा महिने गर्भ वागवते आणि दोन वर्षांतून एकदा विते. सीमेवर तोफा धडधडल्यावर उंटांची मागणी नोंदवून काय उपयोग? मोडलेला कळप उभा राहायला पिढी जाते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. केंद्रीय गृहखात्याने आणि संरक्षणखात्याने दरवर्षी, आधी भाव जाहीर करून, दलालाला वगळून थेट उंटपाळाकडून उंट विकत घ्यावेत. राजस्थानने २०१५ च्या कायद्यातील वाहतूकबंदी सैल करावी. कत्तलीची बंदी हवी तर ठेवावी. राईकांचा चराईचा हक्क लेखी मान्य व्हावा, आणि उंटांच्या सर्ऱ्यासारख्या रोगांची औषधे घेऊन पशुवैद्याने कळपाकडे जावे, कळपाने तालुक्याला नव्हे. महाराष्ट्राच्या खासदारांनो, पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न तुम्ही विचारा. येत्या कार्तिकात पुष्करचा बाजार भरेल. सरकारी खरेदीदार त्या बाजारात उतरलाच पाहिजे.